गुणाकार शिलकीचा

विटा

चि. बाळास,


परवा लेंगऱ्याच्या लग्नात तुझा आतेभाऊ भेटला. पंगतीत शेजारी बसला आणि सहज बोलावं तसं बोलून गेला, "मामा, बाळ्या दुबईला चाललाय. एजंटाला दोन लाख द्यायचेत, कालव्याकडचं रान गहाण टाकतोय म्हणे." माझा घास हातातच राहिला. घरी येऊन तुझ्या आईला विचारलं, तर तिनं पदर डोळ्याला लावला. म्हणजे खरं आहे. तुझा बाप, अप्पा, नेहमीसारखा गप्प. त्याला रागावता येत नाही, हे तू लहानपणापासून ओळखून आहेस. म्हणून मी लिहितोय. फोनवर तू "हो आबा, हो आबा" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागद तरी दोनदा वाचशील.

आतेभावाला तू म्हणालास म्हणे, "तिथला एक दिरहम म्हणजे आपले २४ रुपये. अडीच हजार दिरहम पगार, म्हणजे महिना ६० हजार. देशच श्रीमंत आहे." बाळा, गुणाकार बरोबर आहे. पण गुणलंस ते चुकीच्या आकड्याला. आणि नोट मोठी म्हणून देश श्रीमंत, हे तर अजिबात खरं नाही.

कुवेतचा एक दिनार घ्यायला आपले अडीचशेच्या वर रुपये लागतात. जपानच्या एका येनला रुपयासुद्धा येत नाही. म्हणून जपान आपल्याहून गरीब झाला का? नोटेवर किती शून्यं छापायची हे ज्याचं त्यानं ठरवलेलं असतं. आपलीच माणसं काठमांडूला गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, दुकानात होती. तिथं १९९३ पासून आपल्या १०० रुपयांना त्यांचे १६० हा दर ठरलेला आहे. पगार ऐकताना दीडपटीहून जास्त वाटायचा, खर्चही तेवढाच मोठा असायचा आणि गावाकडे पैसे पाठवायची वेळ आली की आकडा पुन्हा जागेवर यायचा. दिरहमाचंही तसंच. तो १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. आपला रुपया डॉलरपुढं घसरला की दिरहम आपोआप महाग होतो. तीन वर्षांपूर्वी तिथं गेलेल्या पोराच्या पगारात एक दिरहम वाढला नाही तरी गावात वाटतं, गड्याचा पगार वाढला.

तू त्रिशूरला सोन्यात काम करतोस, म्हणून तुला सोन्याच्याच भाषेत सांगतो. दागिना तराजूत टाकला की वजन कळतं. तेवढ्यावर तू पैसे मोजतोस का? आधी टंच, म्हणजे सोनं किती शुद्ध ते, बघतोस. पगाराचा आकडा हे वजन आहे. त्या गावात त्या पैशाला काय मिळतं, हा त्याचा टंच.

आता असं बघ. सोन्याचा भाव दुबईत, त्रिशूरला, विट्यात जवळपास एकच. आपल्या सरकारचा कर आणि वाहतूक वजा केली की फरक फारसा उरत नाही. का, तर सोनं पिशवीत घालून इकडून तिकडं नेता येतं. जिथं स्वस्त असेल तिथून लोक घेतात, भाव सारखा होतो. पण न्हाव्याची खुर्ची, झोपायची खाट, धुणं धुणाऱ्याचे हात, हॉटेलातला चहा हे काही जहाजात भरून नेता येत नाही. त्याची किंमत तिथल्या मजुरीवर ठरते. विट्यात दाढी-कटिंगला जे पडतं ते दिलं तर दुबईतला न्हावी हात लावणार नाही, कारण त्यालाही तिथं भाडं भरायचंय. म्हणून बाजारभावानं रुपये केले की श्रीमंत देशातला माणूस आहे त्याहून श्रीमंत दिसतो आणि आपण आहोत त्याहून गरीब.

हे माझं एकट्याचं डोकं नाही. पेन्सिल्वेनिया विद्यापीठातल्या क्रॅव्हिस नावाच्या प्राध्यापकानं १९६८ साली हेच काम हाती घेतलं. वेगवेगळ्या देशांत तीच वस्तू, तीच सेवा केवढ्याला मिळते ते मांडायचं आणि मग उत्पन्न तोलायचं. पहिल्या दहा देशांत भारत होता. पुढं जागतिक बँकेनं ते काम मोठं केलं. त्या हिशेबानं आपलं माणशी उत्पन्न डॉलरच्या बाजारभावानं दिसतं त्याच्या जवळपास चौपट भरतं. अमिरात आणि आपण यांच्यातलं अंतर बाजारभावानं अठरा-वीस पट दिसतं, भाव धरून मोजलं की सात-आठ पटीवर येतं. सात-आठ पट काही थोडं नाही. तो देश श्रीमंत आहेच. पण ते सरासरीचं उत्पन्न तुझ्या हातात पडणार नाही. त्या देशात दहातले जवळजवळ नऊजण बाहेरून आलेले. तेलवाला, बँकवाला, बांधकामाच्या सळया वाकवणारा, सगळे एकाच सरासरीत बसवलेले आहेत. देशाची श्रीमंती बघून कुणी पैसे पाठवत नाही. महिनाअखेरीला खिशात उरतं तेवढंच गावाकडं येतं.

म्हणून मी शारजाला असलेल्या आपल्या गल्लीतल्या पोराला फोन लावला. तो खरं बोलला. एका खोलीत सहाजण, खाटेचं भाडं ७००. जेवणखाण, कसंही काटकसरीनं केलं तरी ६००. बस २००. फोन, साबण, औषध धरून १००. म्हणजे १,६०० गेले, राहिले ९००. बाळा, आता कर गुणाकार. चोवीसनं गुणायचं ते ह्या ९०० ला, अडीच हजाराला नाही. २१,६०० झाले. आता त्रिशूर बघ. पगार २२ हजार, राहायला दुकानाचा माळा, सकाळ-संध्याकाळचं जेवण भावाकडं. तू अप्पाला महिन्याला १३ हजार पाठवतोस, हे मला माहीत आहे. फरक पडला ८,६०० रुपयांचा. आणि दोन लाखांचं व्याज? विट्यात रानावर पैसे देणारा शेकडा तीननं महिन्याला व्याज घेतो. सहा हजार. उरलेल्या २,६०० रुपयांसाठी तू चार वर्षांची लेक, बायको आणि रान पणाला लावणार. मुद्दल कशातून फेडणार, ते मला समजलेलं नाही. तुला समजलं असेल तर लिही.

खर्च न धरता उत्पन्न मोजू नये, हे दादाभाई नौरोजींनी फार पूर्वी सांगून ठेवलंय. १८७६ साली मुंबईत त्यांनी निबंध वाचला. प्रांताप्रांतातलं पीक, त्याचा भाव असं जमवत जाऊन त्यांनी हिशेब काढला, हिंदी माणसाचं वर्षाचं उत्पन्न सरासरी २० रुपये. पण ते तिथं थांबले नाहीत. २० रुपये थोडे की पुष्कळ, हे कशावरून ठरवायचं? म्हणून त्यांनी सरकारचेच कागद काढले. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राला काय खर्च येतो ते पाहिलं. आणि दूर देशी मजुरीला जाणाऱ्या कुलींना जहाजावर जगायला किती शिधा लागतो, हे सरकारी डॉक्टरनं ठरवलं होतं, त्याचे पैसे केले. दिसलं ते असं, की सरकार कैद्यावर जेवढं खर्च करतं तेवढंही बाहेरच्या मोकळ्या माणसाच्या वाट्याला येत नाही. मी हे इथल्या वाचनालयात पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. परदेशी मजुरीला निघालेल्या माणसाच्या शिध्यावरून देशाची गरिबी मोजली गेली होती, बाळा. आणि आज आमच्या घरातलं पोर शिध्याचा हिशेब न करता निघालंय.

एका देशातसुद्धा गावागावात रुपया वेगळा चालतो. साताऱ्यात जन्मलेले वि. म. दांडेकर यांनी नीळकंठ रथ यांच्याबरोबर पुण्याच्या गोखले संस्थेतून १९७१ साली 'भारतातील दारिद्र्य' मांडलं. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी पोटात जाव्यात एवढं जगणं १९६०-६१ च्या भावानं खेड्यात वर्षाला सुमारे १७० रुपयांत होतं, शहरात त्यालाच २७१ लागत होते. तोच देश, तीच नोट, तीच भूक. आपल्या गलाईवाल्यांचं सगळं गणित ह्यावरच उभं राहिलं. कमवायचं शहरात, जगायचं माळ्यावर, खर्चायचं खानापूर तालुक्यात. आखातात गेलेल्यांचंही तेच. त्यांनी घरं बांधली ती खरीच आहेत. पण ज्यांनी बांधली त्यांनी उरलेल्याला गुणून बांधली. आणि रान गहाण न टाकता.

रानाचं मी परत परत काढतोय, तुला राग येईल. पण तू ते पाणी आलेलं रान बघितलंस. मी कोरडं बघितलंय. त्या बांधावर बाहत्तरच्या दुष्काळात कुसळसुद्धा उभं नव्हतं. आम्ही खडी फोडायला जायचो, सुकडी खायचो, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची. त्यानंतरच मला कोईमतूरला गलाईच्या कामाला पाठवायचं ठरलं. जायला पैसे नव्हते. दुष्काळात छावणीवर ठेवून, स्वतः अर्धपोटी राहून वाचवलेली खिलारांची जोडी तुझ्या आजोबांनी खरसुंडीच्या बाजारात नेऊन विकली. मी त्यांच्याबरोबर होतो. परत येताना ते एक शब्द बोलले नाहीत. पुढची किती वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या बैलांवर, त्याच्या सवडीनं पेरणी केली. घातीवर बैल मिळायचे नाहीत, वापसा निघून जायचा. मी मनीऑर्डर करत होतो, पण पेरणी हुकलेल्या माणसाला मनीऑर्डर काय करणार? ते गेले तेव्हा तार पोचून मी गाडी धरून येईपर्यंत तिसरा दिवस झाला होता. मला राख बघायला मिळाली. आजही खिलार दिसला की मी मान फिरवतो.

कोईमतूरला मी तेजाबाच्या धुरात आयुष्य काढलं. छाती वाजते ती त्यामुळंच, तुझ्या काकूला माहीत आहे. हा खर्च कुठल्या पगारपत्रकात मांडलेला नसतो. पोरं गावाकडं मोठी झाली, मी दिवाळीला पाहुणा. तुझा चुलतभाऊ पहिल्यांदा चालला ते मला पत्रातून कळलं. ते पत्र अजून माझ्या ट्रंकेत आहे.

एवढं लिहून मी काल थांबलो होतो. रात्री पडल्यावर वाटलं, पोरावर फार तोंड टाकलं. तू कुणाचं वाईट करायला निघालेला नाहीस. लेकीला चांगल्या शाळेत घालायचंय, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय, अप्पाला आता उसाला पाणी द्यायला रात्री उठायला लागू नये असं तुला वाटतं. हे मला समजतं. तू आमच्या घरातलं सगळ्यात कष्टाळू पोर आहेस. त्रिशूरहून येताना प्रत्येकासाठी काही ना काही आणतोस आणि स्वतः तोच जुना शर्ट घालून येतोस, हे मी बघितलंय, बोलून दाखवलं नाही.

तर जायचं असेल तर जा. मी आडवा येत नाही. तिथं पगारावर आयकर नाही, कायदा कडक आहे, हुन्नर असलेल्या माणसाला पुढं वाव मिळतो, हेही खरं आहे. पण भारत सरकारकडं नोंद असलेल्या एजंटाकडूनच जा. त्याला कायद्यानं ३० हजार आणि वर कर, एवढंच घेता येतं. शिवाय अमिरातीचा कायदा भरतीचा खर्च मालकावर टाकतो, कामगारावर नाही. दोन लाख मागणारा माणूस पहिल्याच पायरीला खोटं बोलतोय. पाहुण्याच्या व्हिसावर जाऊन नंतर काम बघू, असं तो म्हणत असेल तर त्याच्या दारातून उलटा फिर. करारपत्र इथं हातात घे, मूळ पगार किती आणि भत्ता किती ते वेगळं वाच, राहण्याची सोय मालकाची की तुझी ते लिहून घे. मालकानं खाट दिली तर तुझे ९०० चे १,६०० होतात. मग मीच म्हणेन, जा. पासपोर्ट स्वतःजवळ ठेव, तो काढून घ्यायचा अधिकार तिथल्या मालकालाही नाही.

आणि तिकीट, कागद, पहिल्या महिन्याचा खर्च यासाठी लागतील ते पैसे मी देतो. पतसंस्थेत माझी ठेव आहे, ती पुढच्या महिन्यात सुटते. व्याज नको, मुदत नको. तुझ्या काकूनं ऐकलं तेव्हा म्हणाली, "एवढंच होतं तर पहिल्या ओळीत लिहायचं होतं." तुझ्या चपला आमच्या उंबऱ्याबाहेर दिसल्या की तिचा चेहरा कसा होतो, तुला माहीत आहे.

गहाणखतावर सही करू नकोस. करारपत्र घेऊन विट्याला ये, आपण दोघं मिळून वाचू. जायचं पक्कं झालं तर मुंबईपर्यंत सोडायला मी येतो. आणि हे पत्र मिळालं की आधी आईला फोन कर, ती चार दिवस नीट जेवलेली नाही.

तुझा,
आबा