देहाचा दरवाजा

पालघर स्थानकावरून पश्चिमेची वाट धरली, म्हणजे समुद्रकाठी शिरगाव लागते. उत्तरेस सातपाटी, दक्षिणेस माहीम, आणि मध्ये हे गाव. गावाच्या कडेला, अगदी किनाऱ्यावर, एक जुना दगडी किल्ला उभा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात वसईचा बलाढ्य किल्लाही पडला. वसईचा तट काही लेचापेचा नव्हता. परंतु मराठ्यांनी त्याच्या पायाखाली सुरुंग खणले, दारू ठासली आणि बुरुजास खिंडार पाडले. वरून तट कितीही भक्कम दिसो, पाया पोखरला गेला की त्याचा भरवसा उरत नाही.

माणसाच्या तोंडातही असा एक तट आहे. लहानपणी त्यात वीस दुधाचे दात असतात. पुढे ते पडून बत्तीस कायमचे दात येतात. त्यांतील पहिली कायमची दाढ साधारणपणे सहाव्या वर्षी उगवते. ती दुधाच्या दातांच्या मागे, कोणताही दात न पाडता मुकाट्याने येते. म्हणून पुष्कळ घरांत तिलाही दुधाची दाढ समजतात, आणि ती किडली तरी ‘पडेल आणि नवी येईल’ म्हणून स्वस्थ बसतात. नवी दाढ येत नाही. गेली ती कायमची गेली.

दातावरील दंतवल्क हा आपल्या देहातील सर्वांत कठीण पदार्थ होय. हाडाहूनही तो कठीण असतो. मग अशा वज्रासारख्या कवचाला कीड लागते कशी? पूर्वी लोकांची समजूत होती की दातात खरोखरीच एखादा किडा शिरतो. खरा शत्रू त्याहून कितीतरी लहान आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावी लेव्हेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी राहत असे. भिंगे घासून सूक्ष्मदर्शक तयार करण्याचा त्याला नाद होता. १६८३ साली त्याने आपल्याच दातांच्या फटीतील पांढरा मळ पाण्यात कालवून भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना त्याला दिसले. विशेष हे की, आपल्याकडील जुन्या माणसांप्रमाणे हा गृहस्थही रोज सकाळी मिठाने दात घाशीत असे. इतक्या निगराणीच्या तोंडात ही गर्दी, तर ज्याने दातांना कधी हातच लावला नाही त्याच्या तोंडाची कल्पना करावी!

हे जंतू स्वतः दात कुरतडत नाहीत. आपण गोड खातो, तेव्हा दातांना चिकटून राहिलेली साखर ते खातात व आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दंतवल्कातील चुना हळूहळू विरघळू लागतो. लाळ हे नुकसान बरेचसे भरून काढते. ती आम्ल धुऊन टाकते आणि झिजलेल्या जागी क्षार पुन्हा बसवते. परंतु त्यासाठी तिला उसंत मिळावी लागते. जो मुलगा एकदाच बसून चार चिक्क्या खातो, त्याच्यापेक्षा तीच चिक्की दिवसभर तुकड्या-तुकड्याने चघळणाऱ्याचे दात लवकर बिघडतात. झोपेत तर लाळ फारच कमी सुटते. म्हणून रात्री दात घासून निजणे हे सकाळी घासण्याहूनही अधिक महत्त्वाचे आहे. आणि नेमके तेच आपल्याकडे फार थोड्या घरी होते.

हिरड्यांचे दुखणे याहून कपटी. दातांच्या मुळाशी साचलेला मळ घट्ट होऊन त्याचे किटण बनते. हिरडी सुजते, तिच्यातून रक्त येऊ लागते. रक्त येते म्हणून कित्येक जण दात घासणेच सोडून देतात. तटाला भगदाड पडले म्हणून तेथला पहारा उठवावा, तशातलाच हा प्रकार. मळ मग आणखी खोल उतरतो, आतील हाड झिजवतो, आणि न किडलेला, चांगला धडधाकट दातही हलू लागतो. सुरुंग तो हाच.

येथवरची गोष्ट तोंडातली. पण सुजलेल्या हिरडीतून जंतू रक्तातही शिरतात. निरोगी देह त्यांचा तत्काळ समाचार घेतो. मात्र ज्याच्या हृदयाची झडप आधीच सदोष आहे, त्याच्या झडपेवर ते ठाण मांडून बसू शकतात आणि जिवावरचे दुखणे ओढवते. मधुमेह असला तर हिरड्यांचा विकार बळावतो, आणि हिरड्या बिघडल्या तर रक्तातील साखर आवरणे कठीण जाते. दात वाईट म्हणजे हृदयही वाईट, असे सरसकट विधान कोणी करू नये; शास्त्र तसे म्हणत नाही. परंतु दात गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला भाकरी, भाजी, शेंगदाणे चावता येत नाहीत, तो पेजेवर व चहात बुडवलेल्या पावावर दिवस काढतो, आणि शरीर खंगत जाते, हे समजण्यास शास्त्र कशाला हवे?

दातांची निगा ही आपल्या देशाला नवी नाही. चरकसंहितेत करंज, रुई अशा झाडांच्या काड्या दात घासण्यास सांगितल्या आहेत, आणि हिरड्यांना इजा होणार नाही अशा बेताने त्या वापराव्यात, असेही बजावले आहे. करंज आणि कडुनिंब आजही दारच्या दारी मिळतात. राखुंडीची गोष्ट निराळी. भरड राखुंडीने दात लखलखतात खरे, पण दंतवल्क खरवडले जाते. मऊ ब्रश व साधी पेस्ट यांनी ते भय राहत नाही.

परंतु एका वस्तूविषयी स्पष्टच बोलले पाहिजे. ती वस्तू म्हणजे मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून तिची पूड करायची आणि बोटाने दातांना चोळायची, ही चाल महाराष्ट्रात खेडोपाडी, विशेषतः बायकांत, फार जुनी आहे. “आजी, दाढ ठणकते गं,” असे नातीने म्हणावे आणि “ये बाळ, चिमूटभर मिश्री लाव, थांबेल,” असे आजीने मायेने सांगावे! ठणका क्षणभर कमी वाटतो, आणि तेवढ्यावरून ती औषध ठरते. वस्तुतः कीड जेथल्या तेथे राहते. तंबाखूतील विष मात्र हिरडीतून रक्तात जाते आणि त्याची चटक लागते. एकदा लावणारी पुढे दिवसातून चार वेळा लावू लागते. २००४ साली मुंबईतील बाराशेहून अधिक गर्भवती स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मिश्री किंवा अन्य प्रकारे धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे इतर बाळांपेक्षा सरासरी सुमारे १०५ ग्रॅम वजनाने कमी भरली, असे त्यात आढळले. आईने तंबाखू बोटाने दाताला लावली, आणि जे बाळ अजून जन्मास यायचे होते, ज्याला एकही दात नव्हता, त्याने तिची किंमत मोजली.

तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण हीच तंबाखू. २०१२ साली महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर बंदी घातली. पण मिश्री घरच्या तव्यावर होते, तिला कायदा कोठवर अडवणार? गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा वा लाल चट्टा उठला, किंवा जखम दोन आठवड्यांत भरून आली नाही, तर ती दुखत नसली तरी दंतवैद्यास दाखवावी. आरंभीच सापडलेला रोग बरा होण्याची आशा पुष्कळ असते. आणि आजीला सांगण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. भारतातल्या खेड्यांतून जी पाहणी झाली, तीत तंबाखू सोडलेल्या अनेकांच्या तोंडातील पांढरे चट्टे पुढे आपोआप फिके पडून नाहीसे झालेले दिसून आले.