हेडरेस्ट म्हणजे उशी नव्हे

सुट्टी लागली की आपल्यापैकी बरेच जण बडोद्याहून मोटारीने मुंबई-पुण्याकडे जातात. निघताना टायरमधली हवा पाहिली जाते; सीटवरच्या हेडरेस्टकडे मात्र कोणी पाहत नाही. ती डुलकी काढण्याची उशी आहे, असा बहुतेकांचा समज असतो. खरे तर ते मान वाचवण्याचे साधन आहे.

न्यूटनचा पहिला नियम आठवा. उभ्या मोटारीला मागून धडक बसली की सीट आपल्या पाठीला एकदम पुढे ढकलते. डोके मात्र जडत्वामुळे जागेवरच राहू पाहते. त्याला मागे आधार नसेल तर मानेला जोराचा हिसका बसतो व स्नायू दुखावतात. हेडरेस्ट फार खाली असेल तर डोके त्याच्यावरून मागे जाते. म्हणून आधार मानेला नव्हे, डोक्याला हवा.

निघण्यापूर्वी एवढे करावे :

१. सीटची पाठ शक्य तितकी सरळ करावी.

२. बटण दाबून हेडरेस्ट वर घ्यावे. त्याची वरची कड माथ्याच्या पातळीत, निदान कानांच्या वरच्या टोकापर्यंत यावी. ते जागी पक्के बसले का, हे दाबून पाहावे.

३. डोके व हेडरेस्ट यांत ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नसावे.

४. पट्टा सर्वांनी लावावा. त्याचा खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. वरचा भाग गळ्याला न घासता खांद्यावरून यावा.

५. माणूस बदलला की मापही बदलते. बाबांच्या जागी आई बसली, तर सर्व पुन्हा जुळवावे.

मागे बसणाऱ्यांना पट्टा नको, हा समज घातक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये अहमदाबाद-मुंबई महामार्गावर पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. ते मागच्या सीटवर होते व त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले.

पालकांनी लहान मुलांना मांडीवर न घेता त्यांच्या वयाला व उंचीला योग्य अशा बालआसनात बसवावे. २०१९ च्या कायदा-दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसल्यास १००० रुपये दंड आहे.

सहलीसाठी गाड्या ठरवताना विश्वस्तांनीही प्रत्येक सीटचा पट्टा व हेडरेस्ट पाहून घ्यावे, ही आमची विनंती. आणि मुलांनो, या रविवारी फूटपट्टी घेऊन घरच्या मोटारीतील प्रत्येक जागा तपासा व वहीत नोंद करून आणा.