साथीच्या दिवसांतील शेवटची शुश्रूषा व मागें राहिलेल्यांचा शोक

शास्त्रपाठ : ईयोब २:११-१३, योहान ११:१७-३६



ज्यांतील कोणीही मुंबईस चाकरीला नाहीं असें गांव रत्नागिरी जिल्ह्यांत विरळाच. म्हणून मुंबईंत साथ आली म्हणजे कोकणांतील घरांस घोर लागतो. १८९६ सालीं तेथें प्लेग आला, १९१८ सालीं इन्फ्लुएन्झा आला व २०२० सालीं कोरोना आला. ह्या शेवटल्या साथींत मे महिन्यांत चाकरमानी गांवीं परतले, तेव्हां पुष्कळांस शाळांतून चौदा दिवस वेगळें राहावें लागलें. घर जवळ असून आईच्या खाटेपाशीं जातां येईना. मार्च २०२० च्या सरकारी नियमांप्रमाणें मृताचें मुख पाहण्याची व शास्त्रवाचनाची मोकळीक होती. परंतु देहास स्नान घालण्याची किंवा स्पर्श करण्याची मनाई होती. “मी वेळेवर पोहोंचलों असतों तर!” हा कांटा अनेकांच्या अंतःकरणांत अजून सलत आहे.

बेथानीच्या दोघी बहिणींच्या मनांतही हाच कांटा होता. लाजराला कबरेंत ठेवून चार दिवस झाल्यावर प्रभु आला. तेव्हां मार्था व मरीया ह्या दोघींनीं, प्रत्येकीनें वेगळ्या वेळीं, त्याच्या उशिराचें तेंच गाऱ्हाणें मांडिलें. त्यानें कोणालाही दोष दिला नाहीं. मरीयेस तर त्यानें उपदेशही केला नाहीं. कबर कोठें आहे इतकेंच विचारिलें, आणि तो रडला. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याजबरोबर भुईवर मुकाट्यानें बसले, तोंवर ते खरे मित्र होते. दुःखाचीं कारणें सांगूं लागल्यावर ते त्याला भारभूत झाले. शोकाच्या घरीं जाणाऱ्या उपदेशकानें हें ध्यानांत ठेवावें.

आतां शुश्रूषेविषयीं. रोगी बरा होण्याजोगा आहे कीं नाहीं, हें डॉक्टरानें ठरवावें, घरच्यांनीं नव्हे. उपाय राहिला नाहीं असें त्यानें सांगितलें, तरी सेवा संपत नाहीं.

१. शक्य तर एकाच धडधाकट माणसानें जवळ राहावें. खिडकी उघडी ठेवावी, तोंडावर पट्टी बांधावी, प्रत्येक वेळीं साबणानें हात धुवावे. १८९७ च्या प्लेगांत पुण्यास रोग्यांची सेवा करितां करितां सावित्रीबाई फुले ह्यांस तोच रोग जडला व १० मार्च रोजीं त्या निवर्तल्या. सेवेंत धोका आहे. म्हणून काळजी घेणें हा भित्रेपणा नव्हे.

२. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडांत चमच्यानें पाणी ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जातें. ओल्या स्वच्छ फडक्यानें ओठ व जीभ भिजवावी. शेवटीं भूक व तहान मंदावते. तो उपासानें मेला असें मनास लावून घेऊं नये.

३. दर दोन तासांनीं कूस बदलावी, म्हणजे पाठीला क्षतें पडत नाहींत. घशांत घरघर लागली तर कुशीवर निजवावें. धाप किंवा वेदना फार असल्यास डॉक्टरास कळवावें. त्यांवर औषध आहे.

४. त्याला ऐकूं येत आहे असें धरूनच बोलावें. मुंबईचा मुलगा येऊं शकत नसेल तर फोन कानाशीं धरावा. क्षमा मागावयाची असेल ती तेव्हांच मागावी.

इतकें करूनही कोणी उशिरा येईलच. त्याला “झालें तें देवाची इच्छा” असें सांगून गप्प करूं नका. त्याचें गाऱ्हाणें पुरतें ऐका, शेवटल्या दिवसांची हकीकत त्याला सांगा, आणि त्याच्यासंगें कबरेपर्यंत चाला. वर्ष लोटलें असलें तरी तेथें प्रार्थना करण्यास उशीर झालेला नसतो.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न

१. ईयोबाच्या मित्रांनीं प्रथम काय बरोबर केलें, व पुढें कोठें चुकले?
२. मार्था व मरीया ह्यांचें गाऱ्हाणें प्रभूनें कसें ऐकिलें?
३. साथींत ज्याला निरोप घेतां आला नाहीं असा आपल्या मंडळींत कोण आहे? त्याच्या घरीं ह्या आठवड्यांत कोण जाईल?