बंद गल्लीतले पाणी

सुनेच्या बाळंतपणासाठी आई पुण्याहून इथे मॅसॅच्युसेट्सला आली आहे. आल्या दिवसापासून पातेलेभर पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवणे सुरू. "अहो आई, इथे सगळे नळाचंच पितात," असे बायकोने सांगून पाहिले. आईचे उत्तर ठरलेले, "पोटुशीला उकळलेलंच द्यायचं." मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नव्हे, पण बरोबर कोण ते पाहावे म्हणून वाचायला बसलो. वाचनात आले ते आपल्या शेजारच्या केप कॉडचे प्रकरण. त्यात दोघीही थोड्या थोड्या चुकल्या.

1960 च्या दशकाच्या अखेरीस इकडच्या अनेक गावांत अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप टाकले जात होते. पाण्याला चव आणि वास येतो अशी तक्रार, म्हणून पाइपांना आतून व्हिनाइलचा थर देण्याची युक्ती निघाली. हे राळेसारखे द्रव्य ज्यात विरघळवून फवारत, तो द्राव म्हणजे पीसीई, ड्राय क्लीनिंगला वापरतात तोच. पाइप वाळले की पीसीई उडून जाईल असे सगळ्यांनी धरून चालले. तो उडून गेला नाही. वर्षानुवर्षे हळूहळू पाण्यात उतरत राहिला. 1968 पासून बसवलेल्या या पाइपांतला दोष 1980 मध्ये उघडकीला आला. म्हणजे विहीर स्वच्छ, पंप स्वच्छ, आणि घाण लागली ती वाटेत.

तीही सगळ्यांना सारखी नाही. मुख्य रस्त्याखाली पाणी सतत वाहते, तिथे लिटरला 1.5 ते 80 मायक्रोग्रॅम पीसीई सापडले. बंद गल्लीच्या टोकाला घरे चार, पाणी पाइपात साचून राहते. तिथे आकडे 1,600 ते 7,750 पर्यंत गेले. आजची कायदेशीर मर्यादा आहे 5. आपल्यापैकी कितीतरी जणांनी मुलांना खेळायला बरे म्हणून मुद्दाम बंद गल्लीत घर घेतले आहे. मीही त्यातलाच.

पुढे बोस्टन युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅन अ‍ॅशेनग्राऊ आणि सहकाऱ्यांनी केप कॉडच्या आठ गावांत 1969 ते 1983 दरम्यान जन्मलेल्या मुलांचा मागोवा घेतला. त्या काळी कोणत्या आईच्या पोटात किती पीसीई गेले याची नोंद कोण ठेवणार? म्हणून त्यांनी पाइपांचे नकाशे, ते टाकल्याचे वर्ष, व्यास आणि घरांची जागा घेऊन ईपीएनेट नावाच्या सॉफ्टवेअरवर पाण्याचा प्रवाह पुन्हा मांडला आणि घराघराचा अंदाज काढला. आमच्या धंद्यातले इतके उपयोगी काम मी तरी क्वचितच पाहिले आहे.

निकाल एकाच दिशेचे नाहीत. अभ्यासात मागे पडणे, लक्ष न लागणे यांच्याशी संबंध दिसला नाही. पण 2011 च्या अहवालात, गर्भात आणि बालपणी जास्त पीसीई मिळालेल्यांत पुढे दोन किंवा अधिक प्रकारचे गंभीर अमली पदार्थ घेण्याचे प्रमाण सुमारे दीडपट आढळले. 2012 मध्ये बायपोलर विकाराचे प्रमाण 1.8 पट दिसले. नैराश्यात मात्र विशेष फरक नव्हता. ही माहिती त्या मुलांनी मोठेपणी स्वतः भरून दिलेली, आणि मानसिक आजारांचे आकडे लहान. एखाद्याकडे बोट दाखवून "हे पाण्यामुळे" असे म्हणता येणार नाही. पण पाळण्यात गुटगुटीत दिसणाऱ्या बाळाचा हिशेब वीस-तीस वर्षांनी लागू शकतो, याने माझी झोप उडाली खरी.

आता आईचे पातेले. उकळल्याने जंतू मरतात. शिसे आणि नायट्रेट जात नाहीत. उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते. पीसीई उडतो खरा, पण स्वयंपाकघराच्या हवेत, म्हणजे श्वासातून परत आपल्यातच. गरम पाण्याच्या शॉवरचेही तेच. पिण्यापुरता उपाय म्हणजे कोळशाचा फिल्टर. खोक्यावर एनएसएफ 53 हा आकडा आणि व्हीओसीचा उल्लेख आहे का ते पाहावे, आणि काडतूस वेळेवर बदलावे. घरची विहीर असेल तर तपासणी आपणच करून घ्यायची. तिच्यावर सरकारी देखरेख नसते.

आणि बायकोचा नळ. गावाकडून दरवर्षी पाण्याचा अहवाल येतो, तो केरात टाकू नका. मात्र अशा द्रावांची तपासणी सहसा पाणी वितरणात शिरते तिथे होते, आपल्या नळाशी नव्हे. म्हणून पाणी खात्याला फोन करून विचारावे: आमच्या रस्त्याखालचा पाइप कोणत्या वर्षीचा, कशाचा, आत थर आहे का, आणि गल्लीच्या टोकाचे पाणी किती दिवसांनी वाहते करता? घर घ्यायच्या आधी विचारलेत तर उत्तमच. मी घर घेऊन चार वर्षे झाल्यावर विचारले. फोनवरच्या गृहस्थांनी नकाशा काढून शांतपणे उत्तर दिले: 1991, लोखंडी, आत सिमेंटचा थर.

फिल्टर तरीही बसवला. आई आता फिल्टरचे पाणी उकळते, खिडकी उघडी ठेवून.