हडंबा शिवारात येण्याआधी करायचा खर्च

दसऱ्याच्या आगेमागे ईटसह भूम तालुक्यातल्या शिवारांत सोयाबीनच्या गंजी लागतात आणि हडंब्यासाठी, म्हणजे मळणीयंत्रासाठी, नंबर धरावा लागतो. डोक्यावर पावसाची धास्ती, ट्रॅक्टरवाल्याला पुढचं शिवार गाठायचं असतं आणि दर कट्ट्यामागे ठरलेला, त्यामुळे थांबणं कोणालाच परवडत नाही. हात जातो तो या घाईत. म्हणून सुरक्षिततेचा हिशेब मळणी ठरवतानाच करा. खालचे भाव अंदाजासाठी आहेत, दुकान आणि दर्जा बघून ते कमी-जास्त होतील.

सगळ्यात आधी ट्रॅक्टर आणि हडंबा जोडणारा पीटीओचा दांडा बघा. तो मिनिटाला साधारण 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. दीड इंच जाडीच्या दांड्यात पदराचं टोक किंवा रुमाल अडकला, तर एका सेकंदात मीटरभर कापड गुंडाळलं जातं. ‘बंद कर’ म्हणायलाही तेवढा वेळ पुरत नाही. दांड्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण हजार ते अडीच हजारांत मिळतं. अनेक यंत्रांवर ते मुळात आलेलं असतं, ग्रीस द्यायला काढलेलं परत बसवलेलं नसतं, एवढंच. आवरण नसेल तर मळणी सुरू करू देऊ नका. यंत्र भाड्याचं असलं तरी शिवार तुमचं आहे आणि माणसंही तुमच्या सांगण्यावरून आलेली असतात.

दुसरी जागा म्हणजे पेंढी लोटायचं तोंड. तिथली घसरण लांब आणि पुढच्या बाजूने झाकलेली असेल, तर हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. भारतीय मानकात ही लांबी किमान 90 सेंटीमीटर आणि त्यातला 45 सेंटीमीटर भाग झाकलेला असावा असं धरलं आहे. टेप लावून मोजा. आखूड असेल तर वेल्डरकडून पत्रा वाढवून घ्यायला दोन-तीन हजार लागतात. हा खर्च यंत्रमालकाचा. मात्र दर ठरवताना तुम्ही विषय काढला नाही, तर तो स्वतःहून करेल याची खात्री नाही.

तोंडावर बसणारा माणूस तासा-दोन तासांनी बदला. त्यासाठी एक गडी जास्त लावावा लागतो, म्हणजे चार-पाचशे रुपये. माझ्या मते सगळ्या यादीत हा पैसा सर्वांत मोलाचा, कारण रात्री पेंगुळलेल्या माणसाला चष्मा आणि मास्क वाचवत नाहीत. हातमोजे तर तोंडावर नकोतच, सैल हातमोजा ड्रमकडे ओढला जातो. बायकांनी साडीवर अंगाबरोबरचा शर्ट घालून पदर आत खोचावा, केस बांधावेत. डोळ्यांना साधा गॉगल शंभर-दीडशेत आणि धुळीसाठी चांगला मास्क पंचवीस-पन्नासला मिळतो. रात्री काम असेल तर उजेड दोन बाजूंनी हवा, एका दिव्याने तोंडावर स्वतःचीच सावली पडते.

असाच हिशेब याच भागातल्या खव्याच्या भट्ट्यांवरही करावा लागतो. तिथे धोका वेगळा, उकळतं दूध आणि ओल्या जमिनीवरची मोटर. मोटरच्या लाइनवर गळती पकडणारा आरसीसीबी बसवायला दीड ते तीन हजार लागतात, अर्थिंग मात्र नीट हवं. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका.

आता विम्याचं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला 2 लाख मिळतात, पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी आहे. भूमिहीन मजूर तिच्यात येत नाही. त्याच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे: वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70, बँकेत खातं हवं. अपघाती मृत्यूला 2 लाख, एक डोळा, हात किंवा पाय कायमचा निकामी झाला तर 1 लाख. दहा मजुरांचे मिळून 200 रुपये होतात, ते शेतमालकाने भरायला काय हरकत आहे? बोट तुटलं तर मात्र या विम्यातून काही मिळत नाही आणि यंत्रात सहज जातात ती बोटंच. शिवाय विमा काढला म्हणून मालकाची भरपाईची जबाबदारी संपत नाही.

बोट तुटलंच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा आणि 108 ला फोन करा, ती गाडी मोफत आहे. तुटलेलं बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून कोरड्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा, बोटाला थेट बर्फ लागू देऊ नका. बार्शी किंवा सोलापूरकडे निघण्याआधी रुग्णालयाला फोन करून विचारा की बोट जोडणारे सर्जन आहेत का आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा खर्च बसतो का. मागे थांबलेल्याने पोलिसांना कळवून पंचनामा करून घ्यावा, विम्याच्या दाव्याला तो कागद लागतो.