उगवण मोजता, तशा मुलीही मोजा

सभासद बंधू-भगिनींनो,

लागण होऊन महिना-दीड महिना झाला की आपण सरीतून फिरून उगवण बघतो. नांग्या दिसल्या की त्या भरून घेतो. एकरी कोंब किती पाहिजेत हे पाठ असतं, म्हणून तूट लगेच डोळ्यांत भरते. असाच एक हिशेब आज आपल्या घरांचा मांडायचा आहे.

1) निसर्गाचा हिशेब : निसर्गतः 100 मुलींमागे साधारण 105 मुलगे जन्मतात. म्हणजे 1000 मुलग्यांमागे सुमारे 950 मुली. थोडाफार फरक सगळीकडे पडतो. पण मोठी तूट दिसली तर ती माणसाने पाडलेली असते.

2) आपला हिशेब : शिरगणतीत 0 ते 6 वयाच्या मुलांची वेगळी मोजदाद होते. महाराष्ट्रात 1000 मुलग्यांमागे 1991 साली 946 मुली होत्या, 2001 साली 913 आणि 2011 साली 894. आपल्या ऊसपट्ट्यात 2001 साली कोल्हापूर जिल्ह्यात 839 आणि सांगलीत 851, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. 2011 साली कोल्हापूर 863 वर आले, तरी 950 लांबच राहिले. तोडणीच्या टोळ्या जिथून येतात त्या बीड जिल्ह्यात याच दहा वर्षांत आकडा 894 वरून 807 वर घसरला. एकीकडे बागायत, दुसरीकडे कोरडवाहू. फडाचा मालक असो की फडातला तोडकरी, तूट दोघांकडे तीच. तेव्हा हे गरिबीमुळे किंवा अडाणीपणामुळे होतं, असं म्हणून सुटता येणार नाही.

3) तूट कशी पडते : पूर्वी मुलगा होईपर्यंत चार-पाच मुली व्हायच्या. आता दोन पुरेत म्हणतो, पण त्यात एक मुलगा हवाच. सोनोग्राफीचं मशीन गर्भाची वाढ तपासायला आलं, त्याचा उपयोग भलताच झाला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या देशभराच्या एका अभ्यासात असं दिसलं, की पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या खेपेला 1990 साली 1000 मुलग्यांमागे 906 मुली जन्मत होत्या, 2005 साली 836. पहिला मुलगा असलेल्या घरांत अशी घट नव्हती. यातच सगळं आलं.

4) दोष कुणाचा : मुलगी झाली की बोल सुनेला. पण आईकडून गर्भाला एक्स गुणसूत्रच मिळतं. वडिलांकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. सुनेला बोल लावणं म्हणजे बेणं आपण निवडायचं आणि जात बदलली म्हणून जमिनीला नावं ठेवायची. यात खरं तर बापाच्याही हातात काही नसतं.

5) कायदा : गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा 1988 साली आपल्या महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा 1994 सालचा. त्यात डॉक्टर तर सापडतोच, पण तपासणी करा म्हणून जाणाऱ्या नवऱ्याला किंवा नातेवाइकालाही पहिल्याच गुन्ह्यात 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली, असं कायदा धरून चालतो. मग उत्तर घरच्यांनाच द्यावं लागतं.

6) मूळ कुठे आहे : "नाव कोण चालवणार, रान कोण कसणार?" या दोन प्रश्नांत. पण 1994 साली राज्याच्या आणि 2005 साली केंद्राच्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तेच पक्कं केलं. तरी बहिणीला साडीचोळी करून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत काही सुटत नाही. वारस मुलगाच, हे आपणच ठरवून बसलो आहोत.

यात मीही आलो. इतकी वर्षं ऊसनोंदीला बांधावर येतो, "थोरला काय करतो?" असं हटकून विचारतो. मुलीबद्दल विचारलंच तर एवढंच, "कुठं दिली?" मुलगी शेतीशाळा शिकली का, ठिबकचं तिला कळतं का, हे मी कधी विचारलं नाही. एका सभासदांच्या लेकीनेच मागे मला माती परीक्षणाचा कागद वाचून दाखवला, तेव्हा हे ध्यानात आलं.

आज गावोगाव लग्नाची पोरं खोळंबली आहेत. बाप म्हणतात, मुली मिळेनात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची ती तूट आता दारात उभी आहे. उसातली नांगी रोप लावून भरता येते, ही भरता येत नाही.

तेव्हा विनंती तीन. सुनेला तपासणीला नेऊ नका, आणि कुणी नेत असेल तर अडवा. बहिणीकडून सही घेण्याआधी तिचा हिस्सा तिला सांगा. आणि शेअरला वारस लावताना लेकीचं नावही लिहा. यापुढे बांधावर आलो की लेकीची चौकशी मी आधी करीन.

आपला,
ऊस विकास अधिकारी