डिस्क गेली असं म्हणण्याआधी

भाचीचा लॅपटॉप रेंगाळायला लागला, म्हणून तिने तो कॉलेजजवळच्या एका दुकानात विंडोज नव्याने टाकायला दिला. संध्याकाळी निरोप आला, एसएसडी गेली आहे, नवी घालावी लागेल. सोबत फोटो होता. विंडोज कोणत्या डिस्कवर टाकायचं हे विचारणाऱ्या पडद्यावरची यादी कोरी. मी तिला म्हटलं, "काही विकत घेऊ नकोस, लॅपटॉप आहे तसा घेऊन ये." त्यात लावलेला इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप सुरू केला, तर जुनं विंडोज तिच्या प्रोजेक्टच्या फायलींसकट उघडलं. डिस्क ठणठणीत होती.

हे अनेकांच्या बाबतीत घडतं आणि विनाकारण पैसे जातात, कधी फायलीही जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायोसमधली 'व्हीएमडी' ही सोय चालू असते. मग एसएसडी विंडोजला थेट दिसत नाही, ती व्हीएमडीच्या कंट्रोलरच्या आड असते. तिच्यापर्यंत पोचायला इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा, म्हणजे आरएसटीचा ड्रायव्हर लागतो. लॅपटॉपमधल्या विंडोजमध्ये तो कंपनीने आधीच घातलेला असतो. पेनड्राइव्हवरच्या इन्स्टॉलरमध्ये बऱ्याचदा नसतो. यादी कोरी दिसते ती एवढ्याचमुळे.

उपाय त्याच पडद्यावर आहे, 'लोड ड्रायव्हर'. मात्र लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेली सेटअपची फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकली तर इन्स्टॉलर तिला ओळखत नाही. त्याला आतल्या सुट्या आयएनएफ, एसवायएस आणि कॅट फायली हव्या असतात. सेटअप आधी दुसऱ्या चालू संगणकावर उलगडून घ्या आणि व्हीएमडीचं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा. ड्रायव्हर दाखवला की डिस्क यादीत येते.

दुकानांमध्ये याहून झटपट मार्ग वापरतात, बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करायची. डिस्क पूर्ण पुसून सगळं नव्याने टाकायचं असेल तर त्यात गैर काही नाही. पण जुनं विंडोज ठेवायचं असेल तर पुढच्या वेळी निळा पडदा येतो, 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. इथे घाबरून कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. सेटिंग पूर्ववत केलं की विंडोज सहसा पुन्हा सुरू होतं. बदल करायचाच असेल तर आधी एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या आणि नंतर सेफ बूट काढा. तिथे पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड ठाऊक हवा.

त्याहून महत्त्वाचं बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन. अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. बायोसला हात लागला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुकानात जाण्याआधी ती कागदावर उतरवून घ्या. की नसेल तर त्या डिस्कवरचं काही परत मिळत नाही.

आता आरएसटीच्या व्यवस्थापनाच्या ॲपबद्दल. ड्रायव्हरची आवृत्ती बदलली की ते ॲप कधी कधी उघडत नाही आणि लोकांना वाटतं डिस्क बिघडली. एकच एसएसडी असेल तर त्या ॲपवाचून काही अडत नाही, काम ड्रायव्हर करतो. अपवाद ऑप्टेनचा. २०१८-१९च्या सुमारास १ टीबी हार्ड डिस्कला १६ जीबीच्या ऑप्टेन मेमरीची जोड दिलेले लॅपटॉप विकले गेले. इंटेलने २०२२ मध्ये तो व्यवसाय गुंडाळायला घेतला, पण ती यंत्रं घरोघरी आहेत आणि आता एसएसडी बसवायला दुकानात येताहेत. नुकताच लिहिलेला काही मजकूर त्या छोट्या मॉड्यूलवरच असू शकतो. ॲपमधून जोडणी न सोडता ते उपसलं तर हार्ड डिस्कवरचा मजकूर खराब होऊ शकतो. आधी बॅकअप, मग ॲपमध्ये ऑप्टेन बंद, त्यानंतर स्क्रू.

लॅपटॉप दुरुस्तीला देताना बायोसमधल्या स्टोरेजच्या पानाचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. परत घेताना तोच फोटो समोर धरून पडताळा.